अंगात साचलेलं तांबं

पुण्यातल्या आमच्या डॉक्टर मॅडमकडे मी दर सहा महिन्यांनी जातो. मागच्या खेपेला बाहेरच्या बाकावर एक गृहस्थ बसले होते, मुलीचा रिपोर्ट दोन्ही हातांत धरून. मॅडम मला म्हणाल्या, "संपत, आजार काय आहे ते मी त्यांना सांगितलं. तो घरात शिरला की काय होतं, ते तू सांग." मी त्यांच्याशेजारी अर्धा तास बसलो आणि मला एवढंच म्हणता आलं, "मी बघा, जिता हाय." बाकीचं घरी येऊन लिहितोय.

रेघ

मी कन्हेरीचा. बारामतीत पाट्या रंगवायचं काम करायचो. दुकानांचे बोर्ड, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांवरची नावं, निवडणूक आली की भिंती. साल शहाण्णव असावं, मी बावीस वर्षांचा होतो. अक्षरांवरची शिरोरेघ मी पट्टी न लावता एका दमात ओढायचो. त्यासाठी लोक मला लांबून बोलवायचे.

एके दिवशी बी-बियाण्याच्या दुकानाचा बोर्ड करताना ती रेघ लाटेसारखी उमटली. पुसली, परत ओढली. परत तेच. मला वाटलं, शिडी हलतेय. खाली उतरून शिडी तपासली. शिडी घट्ट होती.

महिन्याभरात हात पाणी पितानाही हलायला लागला. मग जीभ जड झाली. बोललेलं समोरच्याला कळेना, तोंडाच्या कोपऱ्यातून लाळ गळायची. दुकानदार हसून म्हणायचे, "काय संपतराव, सकाळी सकाळीच?" मी कधी दारूला शिवलो नव्हतो. पण जो दारू पीत नाही, त्यानं ते कसं सिद्ध करायचं?

घरीसुद्धा बातमी पोचली. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला ओसरीवर उभं केलं.

"तोंड उघड."

मी तोंड उघडलं. त्यांनी नाक जवळ आणून वास घेतला. वास कसलाच नव्हता, आणि तेच त्यांना सहन झालं नसावं. त्यांनी माझ्या मुस्काटात मारली. "मंग असा का करतूस रं?" असं म्हणताना त्यांचाच आवाज कापत होता.

त्या दिवसांत आई मात्र एक वेगळंच बोलायची. "ह्याचं डोळं घारं व्हाया लागल्यात. माज्या आज्जीवर चाललाय." बाविसाव्या वर्षी कुणाचे डोळे घारे होतात का, असा प्रश्न आमच्यापैकी एकालाही पडला नाही.

गावातल्या डॉक्टरांनी ताकदीची इंजेक्शनं दिली. दुसऱ्यांनी सांगितलं, रंगाचा वास डोक्यात गेलाय, काम बंद कर. काम बंद केलं. आईनं एका देवऋष्याकडंही नेलं. त्यानं लिंबू उतरवलं. लिंबू मलाच कापायला दिलं, तर सुरीनं बोट कापलं. शेवटी बारामतीतल्या एका वयस्क डॉक्टरांनी माझ्या डोळ्यांत बॅटरी मारली, बराच वेळ पाहिलं आणि काही न बोलता पुण्याची चिठ्ठी लिहिली. ते न बोलणं मला सगळ्या औषधांपेक्षा जास्त लागलं.

नाव कळलं तो दिवस

पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात डोळ्यांच्या विभागात एक अंधारी खोली होती. एका यंत्रावर हनुवटी टेकवून बसवलं. तरुण डॉक्टरनं भिंगातून पाहिलं आणि तो एकदम उठून दाराबाहेर गेला. परत आला तो चार-पाच जणांना घेऊन. एकेक जण यंत्रामागे बसायचा, बघायचा आणि "अरे वा" म्हणायचा. एक मुलगी तर दोनदा बघून गेली. मी हनुवटी टेकवून तसाच. आपल्या डोळ्यात असं काय आहे की लोकांना बघून आनंद होतोय? पाय थरथरत होते, तो आजार होता की भीती, सांगता येणार नाही.

मग मॅडमनी आई, आबा आणि मला आत बोलावलं. त्यांनी कागदावर यकृताचं चित्र काढलं.

"आपल्या रोजच्या जेवणात थोडं तांबं असतं," त्या म्हणाल्या. "शरीराला लागतं तेवढं घेऊन उरलेलं यकृत बाहेर टाकतं. ते टाकायचं काम एक प्रथिन करतं. ते प्रथिन कसं बनवायचं हे ज्यात लिहिलेलं असतं, त्याला जनुक म्हणतात. प्रत्येकाकडं त्याच्या दोन प्रती असतात. एक आईची, एक वडलांची. एक बिघडलेली असली तरी दुसरीवर भागतं. संपतच्या दोन्ही बिघडलेल्या आहेत. जन्मापासून तांबं साचतंय. आधी यकृतात, मग मेंदूत. डोळ्याच्या बुबुळाभोवती त्याचंच तपकिरी कडं धरलंय."

आजाराचं नाव त्यांनी विल्सनचा आजार असं सांगितलं. ते जनुक शास्त्रज्ञांना दोन-तीन वर्षांपूर्वीच सापडलंय, असंही म्हणाल्या. बावीस वर्षं माझ्या अंगात जे चाललं होतं, त्याचं मूळ जगाला नुकतंच कळलेलं.

आई दबक्या आवाजात म्हणाली, "बाई, आमच्यात तांब्याचा हंडा हाय. ल्हानपणापासनं त्यातलंच पाणी पाजलंय मी ह्याला. माज्यामुळं झालं का?"

"नाही. हंड्यामुळं हा आजार होत नाही. आता मात्र त्यातलं पाणी देऊ नका." मग मॅडमनी आबांकडं पाहिलं. "तुम्ही दोघं नात्यातले?"

"व्हय. ही माज्या मामाची पोरगी. आमच्यात दोन पिढ्या तसंच चालत आलंय."

मॅडमनी चित्राचा कागद बाजूला सरकवला. पुढचं कसं सांगावं याचा विचार करत असाव्यात. आबाच बोलले. आमच्या आजोबांकडं मेंढरं होती, आबांचं लहानपण कळपामागं गेलेलं.

"कळलं मला," ते म्हणाले. "कळपातला मेंढा आमी दोन-तीन सालानं बदलतो. त्योच ठिवला तर पिल्लं लुळी निपाजत्यात. मेंढरांचं कळतं आमास्नी. माणसाचं न्हाय कळलं."

"यात तुमची चूक नाही," मॅडम म्हणाल्या. "ह्याला भावंडं किती? त्यांना तपासायला हवं. चारात एकाला असू शकतो."

"एक व्हता. थोरला. दत्तू."

"व्हता म्हणजे?"

"अकराव्या वर्षी गेला. कावीळ झाली व्हती."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. आई आधी त्यांच्याकडं, मग माझ्याकडं बघत राहिली, आणि तिला जे कळलं ते मी तिच्या चेहऱ्यावर पाहिलं. दत्तूला काविळीचं औषध कुठून कुठून आणून पाजलं होतं तिनं. तेरा वर्षं ती समजत होती, आपण एका दिवसानं उशीर केला.

वॉर्ड

भरती करून घेतलं. पहिलं काम म्हणजे चोवीस तासांची लघवी एका प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये साठवायची, थेंब वाया घालवायचा नाही. हलत्या हातानं ते कॅन धरायचं म्हणजे काय, हे ज्यानं केलंय त्यालाच ठाऊक. दोनदा सांडलं. दोन्ही वेळा पहिल्यापासून सुरुवात. तिसऱ्या वेळी आबांनी कॅन धरलं. बावीस वर्षांचा पोरगा आणि त्याला मुस्काटात मारणारा बाप, संडासात असे उभे. आबा भिंतीकडं बघत म्हणाले, "म्या मारलं त्ये चुकलं." आयुष्यात त्यांनी मला तेवढंच एकदा असं म्हटलं.

वॉर्डात झाडायला एक मावशी यायच्या. सगळे माझं वाक्य मध्येच तोडायचे, किंवा "बरं बरं" म्हणून निघून जायचे. या मावशी झाडू भिंतीला टेकवायच्या आणि मी बोलून संपेपर्यंत थांबायच्या. एकदा मला नुसतं "आज ऊन फार आहे" म्हणायला मिनिटभर लागलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "व्हय बाबा, फार." तुमच्या घरात असा पेशंट असेल तर एवढंच करा. थांबा.

औषधानं वाढलं

औषध म्हणजे कॅप्सूल. जेवणाआधी तासभर, रिकाम्या पोटी. अंगातलं तांबं धरून लघवीवाटे बाहेर काढणारी. डबी उघडली की नासक्या अंड्यासारखा वास यायचा. शेंगदाणे बंद, काळीज बंद. आमच्या घरात शेंगदाण्याच्या कुटाशिवाय भाजी होत नाही. आईनं सगळ्यांचंच बंद केलं.

मॅडमनी बजावलं होतं, "सुरुवातीला काहींना त्रास वाढतो. घाबरून बंद करू नका, मला कळवा." ऐकताना ते सोपं वाटलं होतं.

घरी आल्यावर तिसऱ्या आठवड्यात माझा जबडा आवळला. पाणी गिळताना ठसका लागायचा. अंगणात चालताना मी सरळ तोंडावर पडलो. जो पोरगा पुण्याला स्वतःच्या पायांनी गेला होता, त्याला आता दोघांनी धरून उठवावं लागत होतं. आबांनी डबी उचलली आणि बाहेर चालू लागले.

"ह्या गोळ्यांनी पोरगं मारलं. फेकून देतो."

आई दारात आडवी झाली. आई आबांपुढं कधी मोठ्यानं बोलत नसे. "द्या हिकडं," ती म्हणाली. "दत्तूच्या टायमाला धा जणांचं ऐकलं मी. आता एकीचंच ऐकणार हाय."

"आन हा मेला तर?"

"मेला तर माज्या हातनं मेला म्हना."

मी खाटेवर पडून हे ऐकत होतो आणि मला दोघांनाही सांगायचं होतं, की मलाच ठरवू द्या. जबडा उघडेना. खरं सांगायचं तर मलासुद्धा आबांचंच पटत होतं. आईनं कॅप्सूल माझ्या ओठांत धरली तेव्हा मी दात आवळून धरले. ती तशीच धरून बसली. किती वेळ, माहीत नाही. शेवटी मी तोंड उघडलं ते विश्वासानं नाही, तिचा हात दुखत असेल म्हणून.

आबा बारामतीला जाऊन मॅडमना फोन करून आले. मॅडमनी कॅप्सूल कमी करून हळूहळू वाढवायला सांगितलं. दोन महिने काहीच फरक नव्हता. नंतर एके सकाळी मी चहाचा कप दोन्ही हातांनी तोंडापर्यंत नेला आणि सांडला नाही. आई चुलीपुढं होती, तिनं बघून न बघितल्यासारखं केलं. दृष्ट लागेल म्हणून.

इंदापूर

एक गोष्ट अजून सांगितली नाही. माझी सुपारी फुटली होती. इंदापूरच्या मामाची मुलगी, शोभा. लहानपणापासून ठरल्यासारखंच होतं. लग्न वैशाखात.

आईनं भावाला निरोप धाडला होता, "रंगाच्या वासाचा तरास हाय, बरा व्हतोय." खरं सांगायला तयार नव्हती. "माजं म्हायेर तुटंल," म्हणायची. आबांनी ते तिच्यावर सोडलं होतं. आणि मॅडमनी मला एकट्याला स्पष्ट सांगितलं होतं, की मामाच्या घरातही तेच बिघडलेलं जनुक असणार. नात्यात लग्न केलंस तर मुलांना धोका मोठा आहे.

एके दुपारी आई रानात गेलेली पाहून मी काठी घेतली, दवाखान्याची फाइल पिशवीत टाकली आणि इंदापूरची एस.टी. पकडली. पायरीवर तोल गेला तर कंडक्टर ओरडला, "ए, पिऊन चढायचं न्हाय!" मी फाइल पुढं केली. त्यानं वरचं दवाखान्याचं नाव वाचलं, मग माझा दंड धरून मला खिडकीशी बसवलं. लासुर्णे गेलं, अंथुर्णे गेलं, निमगाव गेलं. मी रस्ताभर तीनच वाक्यं मनात घोकत होतो. ती नीट म्हणता आली तरी पुष्कळ.

मामाचा मळा गावाबाहेर. मामा ओट्यावर बसले होते, मामी आत, शोभा पाणी घेऊन आली. मी पहिलं वाक्य सुरू केलं. "मामा, मला... ल... लगीन..."

"काय? करायचं न्हाय?" मामांचा आवाज चढला. "पोरगी नको असंल तर सरळ सांग. रोगाचं सोंग कशापायी?"

मी परत सुरू केलं. मामांनी परत तोडलं. लाळ शर्टावर गळत होती, पुसायला हात वर जाईना. त्या क्षणी उठून निघावं असं वाटलं.

"आण्णा, बोलू द्या त्येंस्नी," शोभा वडलांना म्हणाली. तांब्या हातातच होता तिच्या.

मग मी बोललो. पाच मिनिटांचं बोलणं, अर्धा तास लागला असेल. आजार रक्तातून येतो. आमच्यात आहे तसा तुमच्यातही असणार. शोभानं नात्यात लग्न करू नये, माझ्याशी तर नाहीच. आणि शेवटी, "दत्तूला... कावीळ... नव्हती. हेच... व्हतं."

मामा काही म्हणणार, तेवढ्यात दारातून मामी बाहेर आली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. मामीसुद्धा नात्यातलीच.

"आमच्या मंगलला तीनदा झाली कावीळ," ती म्हणाली. "औंदा पाय बी सुजत्यात."

मंगल म्हणजे शोभाची धाकटी बहीण. बारा वर्षांची. तेव्हा ती शाळेत होती.

मामा उठले. "माज्या घरात येऊन माज्या पोरीला रोग लावतूस? चल, नीघ." मला कुणी सोडायला आलं नाही. काठी टेकत मी रस्त्याला लागलो. घरी आल्यावर आईला सगळं कळलं आणि ती माझ्याशी आठ दिवस बोलली नाही. कॅप्सूल मात्र वेळेवर समोर ठेवायची, वाटीत, न बोलता.

नवव्या दिवशी दारात जीप थांबली. मामा उतरले, मागोमाग मामी आणि मंगल. मामांनी आईकडं पाहिलं नाही, मला म्हणाले, "त्या डाक्टर बाईकडं जायाला कवा बसायचं गाडीत?"

मंगल

पुण्याला मंगलच्या डोळ्यांत कडं सापडलं नाही. मामा लगेच उभे राहिले. "न्हाय ना? चला मंग." मॅडम म्हणाल्या, "बसा. यकृतात असेल तर डोळ्यात दिसेलच असं नाही. रक्त आणि लघवी बघू द्या." मामा बसले, पण खुर्चीच्या कडेवर. रिपोर्ट यायला चार दिवस लागणार होते. ते चार दिवस मामा दवाखान्याच्या आवारात एका झाडाखाली बसून असायचे, जेवायला गेले नाहीत. मी शेजारी बसायचो. एकदा त्यांनी न बघताच विचारलं, "तू ठरवून सांगाया आलास, का तुज्या आईनं धाडलं?"

"आईनं... अडवलं असतं."

त्यांनी मान हलवली. बराच वेळ हलवत राहिले.

रिपोर्ट आला. मंगललाही होता. यकृत सुजलेलं, पण मॅडम म्हणाल्या, वेळेत आलात. अजून वर्षभर कावीळ म्हणून काढलं असतं तर डॉक्टरांच्या हातात काही राहिलं नसतं. मामी तोंडात पदर कोंबून रडली. शोभाची तपासणी केली, ती ठीक निघाली. तिचं लग्न पुढं नात्याबाहेर झालं, फलटणकडं. मी लग्नाला गेलो नाही. त्याबद्दल अजून लिहायला जमत नाही, आणि जमलंच पाहिजे असंही नाही.

आता माझी जीभ बरीच सुटली आहे. दमलो की अडखळते. हात थोडा हलतो, पाट्या सोडल्या, रंग-ब्रशचं छोटं दुकान चालवतो. औषध एक दिवस चुकवलेलं नाही. बरं वाटतंय म्हणून ज्यांनी सोडलं, त्यांच्या बातम्या मी त्याच बाकावर बसून ऐकल्या आहेत. आणि ज्यांच्या घरात हे नाव नुकतंच आलंय त्यांना हात जोडून सांगतो, दुसरी भावंडं हसतखेळत असली तरी तपासून घ्या. लाजेखातर लपवू नका. आमच्या दत्तूला सांगायला कुणी नव्हतं.

मंगलला पहिली कॅप्सूल दिली तेव्हा मी तिथं होतो. तिनं डबीचा वास घेतला आणि तोंड वाकडं केलं. खाटेच्या एका बाजूला मामा, दुसऱ्या बाजूला मामी, दोघांची तोंडं उतरलेली. ती मलाच विचारायला लागली, कारण तेवढ्या लोकांत ती गोळी खाऊन बघितलेला मी एकटाच.

"दादा, किती दिस घ्यायच्या?"

"रोज," मी म्हणालो. खोटं बोलावंसं वाटलं नाही. "जगायचं... तेवढे दिवस."

तिनं थोडा विचार केला. मग ग्लास हातात घेतला.

"मंग लई दिस घ्याव्या लागत्याल," ती म्हणाली, आणि गिळून टाकली.